गोगलगाय व मागूर पालनाचा ठाण्यातील प्रशिक्षणवर्ग: पाण्याचा भाग चोख, हिशेबाचा भाग उसना

ठाण्यात शनिवार-रविवारी भरणाऱ्या ‘खाद्य गोगलगाय व मागूर पालन’ या दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाची जाहिरात गेले काही महिने समाजमाध्यमांवर सतत दिसते आहे. मागूर म्हणजे गोड्या पाण्यातला एक मासा. साडेचार हजार रुपये शुल्क, त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, छापील पुस्तिका आणि प्रमाणपत्र, असा एकंदर मामला आहे. बँकेच्या शेतीकर्ज विभागात नोकरी झाल्यामुळे जोडधंद्यांचे प्रकल्प अहवाल वाचण्याची मला सवय आहे आणि त्याच नजरेने मी हा वर्ग पूर्ण केला. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीचे वर्ग इतर शहरांतही भरतात आणि पुढे मांडलेले बरेचसे आक्षेप त्यांनाही लागू पडण्यासारखे आहेत. टाकीतल्या पाण्याचे व्यवस्थापन शिकण्यासाठी जाणाऱ्याचे पैसे वसूल होतात. मात्र पुस्तिकेतील उत्पन्नाचा तक्ता पाहून जो कर्ज काढायला निघेल, त्याला वेळीच थांबवले पाहिजे, असे माझे मत झाले आहे.

पहिला दिवस नौपाड्यातील एका सभागृहात पडद्यावरची चित्रे आणि व्याख्याने यांत जातो, तर दुसऱ्या दिवशी शीळ-डायघरकडच्या एका जागेवर टाक्यांपाशी प्रत्यक्ष काम दाखवले जाते. आमच्या तुकडीत मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी होते, ऐरोलीतील संगणक अभियंते होते, दिघ्याचे एक आगरी काका होते आणि बचतगटाच्या वतीने आलेल्या कळव्याच्या तीन महिला होत्या. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकत्र शिकवणे सोपे नाही. पण मुख्य प्रशिक्षकांनी ते उत्तम साधले. त्यांची मराठी स्वच्छ आहे, मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले), बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्ले), मळी (साखर कारखान्यातला काकवीसारखा पदार्थ) हे नेहमीचे शब्द ते सहज वापरतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवत नाहीत. पहिल्या दिवसाचा बराचसा भाग मात्र यशोगाथांच्या चित्रफितींवर खर्च होतो आणि तो निम्म्यावर आणला तरी कोणाचे काही बिघडणार नाही.

या वर्गातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बायोफ्लॉक पद्धतीची टाकी कशी चालते, हे समजावून देणारे रविवारचे सकाळचे सत्र. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्या पाण्यात मळीसारखा कर्बयुक्त पदार्थ घालून भरपूर हवा दिली की जिवाणू तो अमोनिया वापरून स्वतः वाढतात, त्यांचे पुंजके बनतात आणि मासे त्यातले काही खातातही. हे तत्त्व कोणीही सांगेल. या प्रशिक्षकांनी ते आकड्यांत उतरवून घेतले. बत्तीस टक्के प्रथिने असलेल्या १ किलो खाद्यात सुमारे ५१ ग्रॅम नत्र असते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शेवटी पाण्यातच येतो, हे त्यांनी फळ्यावर मांडले आणि त्यावरून किती मळी लागेल ते प्रत्येकाला स्वतःच्या वहीत काढायला लावले. ज्यांचा हिशेब चुकला, त्यांच्याजवळ बसून त्यांनी तो पुन्हा करून घेतला. मुरबाडच्या एका शेतकऱ्याने, ‘सर, खाद्य कमी केलं तर मळी पण कमी करायची ना?’ असे विचारले, तेव्हा बाकीच्यांच्याही डोक्यात प्रकाश पडल्याचे स्पष्ट दिसले.

जागेवर त्यांनी दोन टाक्या शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. एकीत पाणी चहाच्या रंगाचे, हलते आणि जवळजवळ वास नसलेले होते. दुसरीचा हवा देणारा ब्लोअर आदल्या रात्रीपासून मुद्दाम बंद ठेवला होता आणि तिच्या कडेशी वाकताच नाकात जाणारा कुजका वास येत होता. दोन्ही टाक्यांतले पाणी आम्ही स्वतः परीक्षानळीत घेतले, त्यात अमोनिया तपासणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले आणि काही मिनिटांत पहिली नळी पिवळसर राहिली, तर दुसरी गडद हिरवी झाली. त्यानंतर शंकूच्या आकाराच्या नळकांड्यात एक लिटर पाणी अर्धा तास स्थिर ठेवून तळाशी किती मिलिलिटर गाळ बसतो, हे मोजायला शिकवले. तो साधारण पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान असावा आणि त्याहून वाढला तर काढून टाकावा, असे सांगितले. मागूर हवेतला प्राणवायू थेट घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली तरी तो तासाभरात मरत नाही. पण जिवाणूंना हवा लागतेच, ते मेले की अमोनिया वाढतो आणि तो मागुरालाही सोडत नाही, ही गोष्ट त्या दोन नळ्या पाहिल्यानंतर कोणाला पुन्हा सांगावी लागली नाही. महापालिकेचे पाणी टाकीत घेतल्यावर त्यातील क्लोरीन उडून जाईपर्यंत हवा देत ठेवणे, पहिल्या मोठ्या पावसानंतर पाण्याचा सामू (आम्ल-अल्कपणा) तपासून चुना देणे, आणि पावसाळ्यात टाकी ओसंडली की मागूर काठावरून उतरून अंगणात चालू लागतो म्हणून वर घट्ट जाळे बांधणे, या ठाण्याच्या हवामानाला धरून केलेल्या सूचनाही उपयुक्त होत्या.

मासा हाताळण्याचे प्रात्यक्षिकही चांगले झाले. मागुराच्या छातीच्या परांना कडक काटे असतात आणि ते लागले की हात बराच वेळ ठणकतो. म्हणून अंगठा आणि तर्जनी त्या काट्यांच्या मागून घालून डोके कसे धरायचे, हे प्रशिक्षकांनी दोनदा सावकाश दाखवले. आदल्या रात्री संप्रेरक टोचून ठेवलेल्या मादीचे पोट हलके दाबून तिची हिरवट-तपकिरी, चिकट अंडी बशीत काढली गेली. नराचे शुक्रद्रव्य असे दाबून मिळत नाही. त्यासाठी त्याचे पोट फाडून वृषण काढावे लागते आणि नर वाचत नाही. हे दाखवताना काहींनी मान वळवली, परंतु प्रशिक्षकांनी ते टाळले नाही, ही गोष्ट मला योग्य वाटली. बोटुकलीची आकारानुसार वरचेवर वर्गवारी केली नाही तर मोठी पिल्ले लहानांना खातात, हेही त्यांनी बजावले.

येथपर्यंत सर्व ठीक होते. अडचण सुरू होते ती पुस्तिका उघडल्यावर, कारण तिच्यातील वाढीचे तक्ते, टाकीतील माशांची संख्या, गोगलगायींच्या पेट्यांची मापे आणि उत्पन्नाचे आकडे हे सारे पश्चिम आफ्रिकेतील, विशेषतः नायजेरियातील पद्धतीवर बेतलेले आहेत. पपई आणि कोबीच्या चित्रांशेजारी कसाव्याची (ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाची) साल गोगलगायींना द्यावी, असा सल्ला जसाच्या तसा राहून गेला आहे. ठाण्यात तो कोणाच्या उपयोगाचा असेल, ते पुस्तिका छापणाऱ्यालाच ठाऊक. नायजेरिया हा आफ्रिकी मागुराच्या उत्पादनात जगात आघाडीवर असलेला देश आहे आणि तेथे मोठ्या आकाराच्या गोगलगायी आवडीने, चांगला भाव देऊन खाल्ल्या जातात. तेथे हे दोन्ही व्यवसाय एकत्र शिकवले जाणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे मात्र त्यातला मासा बेकायदा आहे आणि गोगलगाय शेतीची वैरीण आहे, आणि या दोन्ही बाबी वर्गात ठळकपणे सांगितल्या जात नाहीत, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

बाजारात ‘थाई मागूर’ म्हणून ओळखला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेचा असून तो १९९० नंतरच्या काळात बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला. तो झपाट्याने वाढतो, घाणेरड्या पाण्यात तगतो, मिळेल ते खातो आणि नदी-ओढ्यांत शिरला की स्थानिक माशांचा फडशा पाडतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये या प्रश्नात लक्ष घातल्यानंतर महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय विभागाने तळी शोधून साठे नष्ट करण्याची मोहीम हाती घेतली आणि त्यात आपल्या शेजारच्या भिवंडी तालुक्याचे नाव वारंवार आले. ठाण्यात मागूर पालन शिकवणाऱ्याने पहिल्या तासाला सांगावी अशी ही गोष्ट आहे. पुस्तिकेत ती तळटिपेतही नाही. व्याख्यानात ‘देशी मागूरच घ्या’ असे एक वाक्य येऊन गेले, पण का, याचा खुलासा कोणी विचारेपर्यंत झाला नाही.

शीळच्या जागेवर कोपऱ्यातील एका टाकीत ‘हायब्रीड मागूर’ म्हणून ठेवलेले काही मासे होते. साहाय्यकाने त्यातला एक जाळ्यात धरून दाखवला, तेव्हा अंगावर संगमरवरासारखे फिकट-गडद डाग दिसत होते. डोक्याच्या वरच्या हाडाची मागची कड बोटाने चाचपली असता ती एका गोलसर टोकात न संपता तीन टोकांची, इंग्रजी एम अक्षरासारखी लागली. देशी मागुराची ही कड साधी, एकाच टोकाची असते आणि अंग एकसारखे काळपट असते. हा फरक एवढा ढोबळ आहे की शाळकरी मुलालाही दोन मिनिटांत शिकवता येईल, आणि बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मत्स्यबीजात भेसळ होत असल्यामुळे तो शिकवणे अत्यावश्यक आहे. मी विचारल्यावर साहाय्यकाने, ‘ते फक्त दाखवायला ठेवलेत, साहेब,’ असे उत्तर दिले. मुख्य प्रशिक्षकांनी विषय बदलला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. त्यांनी दोन्ही जातींचे मासे शेजारी धरून सर्वांना फरक दाखवला. परंतु तो पाठ्यक्रमाचा भाग नव्हता, हे उघड होते आणि ती टाकी तेथे असायलाच नको होती.

आता हिशेबाकडे वळू. पुस्तिकेतील प्रकल्प अहवालात एका टाकीत हजार मासे, सहा-सात महिन्यांत प्रत्येकी एक किलो वजन, म्हणजे एक टन उत्पादन, असे गृहीत धरले आहे. हे वजन आफ्रिकी जातीचे आहे. देशी मागूर आठ ते दहा महिन्यांत साधारण शंभर ते दीडशे ग्रॅमचा होतो. एकही मासा मेला नाही असे मानून सरासरी सव्वाशे ग्रॅम धरले, तरी हजार माशांचे सव्वाशे किलो होतात. देशी मागुराला भाव चांगला मिळतो, हे खरे आहे. तो तिप्पट धरला तरी उत्पन्न पुस्तिकेतील आकड्याच्या चाळीस टक्क्यांच्या आत राहते आणि वीज, खाद्य व मजुरी मात्र अधिक महिने लागते. बँकेत असा अहवाल माझ्या टेबलावर आला असता, तर जात देशी आणि वाढ परदेशी असा शेरा मारून मी तो परत पाठवला असता. चिलापी किंवा पंगस हे मासे घेतल्यास हिशेब बदलतो आणि सरकारी अटी पाळून त्यांचे पालन करता येते, हे प्रशिक्षकांनी खासगीत मान्य केले. मग पुस्तिका त्यावरच का नाही, असा प्रश्न उरतो.

जाहिरातीत इमारतीच्या गच्चीवर ठेवलेल्या निळ्या ताडपत्रीच्या टाकीचे चित्र आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील सदनिकाधारकांसाठी हे चित्र धोक्याचे आहे. चार मीटर व्यासाच्या टाकीत एक मीटर उंचीचे पाणी भरले की ते सुमारे साडेबारा हजार लिटर, म्हणजे साडेबारा टन होते आणि दर चौरस मीटरला एक टन भार पडतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकाप्रमाणे गृहीत धरला जाणारा भार दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास असतो. ऐरोलीच्या एका तरुणाने सोसायटीची परवानगी कशी काढावी, असे विचारले असता त्याला अर्जाचा नमुना देण्यात आला. भाराचा विषय कोणी काढला नाही.

गोगलगायींचे सत्र हा या वर्गाचा सर्वांत कच्चा भाग आहे. युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या जाती थंड हवेतल्या आहेत. त्यांना पंधरा ते पंचवीस अंश तापमान आणि भरपूर ओलावा मानवतो आणि उष्णता वाढली की त्या शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून निपचित पडतात. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांना वातानुकूलित खोलीत ठेवावे लागेल. उरली ती आफ्रिकेची महाकाय गोगलगाय. तिची येथे आयात करण्याची गरजच नाही, कारण १८४७ साली एका इंग्रज शंखसंग्राहकाने तिला कोलकात्याच्या बागेत सोडल्यापासून ती देशभर पसरली आहे आणि जूनचा पहिला पाऊस पडला की येऊरच्या पायथ्यापासून घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांपर्यंत कुंपणाच्या भिंतींवर ती आपोआप अवतरते. लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत २०२२ च्या खरिपात गोगलगायींनी कोवळे सोयाबीन खाऊन शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आणली होती आणि कृषी विभाग त्या गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात नष्ट करा, असे सांगत होता. जो प्राणी नष्ट करण्यासाठी सरकार मोहीम काढते, तो पेटीत वाढवण्याचा सल्ला देणाऱ्याने निदान पेटीतून पिल्ले निसटली तर शेजारच्या भाजीच्या मळ्याचे काय होईल, हे सांगायला हवे होते. एक गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. पुस्तिकेत ही बाब केवळ फायद्याच्या रकान्यात आहे.

आरोग्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. या जातीच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसातील एका कृमीच्या अळ्या असू शकतात आणि कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून त्या माणसात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे, स्वच्छ खाद्य, विक्रीपूर्वी काही दिवस उपाशी ठेवणे आणि पूर्ण शिजवणे ही किमान खबरदारी आहे. सत्र घेणाऱ्या तरुणाने उपाशी ठेवण्याचा उल्लेख केला, पण तो केवळ चवीच्या दृष्टीने. उघड्या हातांनी गोगलगायी उचलून त्याने त्या समोरच्या रांगेत फिरवल्या आणि नंतर हात धुण्यासाठी साबण मागवावा लागला. कळव्याच्या ताईंपैकी एकीने शांतपणे विचारले, ‘पण दादा, ही घेणार कोण?’ त्यावर मोठी हॉटेले, निर्यात आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारा चिकट स्राव अशी तीन उत्तरे मिळाली, खरेदीदाराचे एकही नाव किंवा दर मिळाला नाही. तिसऱ्या, खुबे आणि कालवे चवीने खाणारा आपला माणूसही गोगलगाय म्हटली की तोंड वाकडे करतो. बंगाल, झारखंड आणि ईशान्येकडील राज्यांत गोगलगाय खातात, पण ती भातशेतीतली आणि तळ्यातली, गोड्या पाण्याची. त्या जातींचा वर्गात उल्लेखही झाला नाही.

मागुराच्या विक्रीबाबत दिघ्याच्या काकांनी जेवणाच्या सुट्टीत जे सांगितले, ते पुस्तिकेतील विपणनाच्या प्रकरणापेक्षा अधिक उपयोगी होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खाडीकाठचा माणूस शिंगाळा खाईल, जिताड्यासाठी वाट वाकडी करील, पण टाकीतल्या माशाला मातकट वास येतो म्हणून हात लावणार नाही. नवी मुंबईतील बंगाली आणि ओडिया कुटुंबे मात्र जिवंत शिंगी-मागूर शोधत फिरतात आणि जिवंत मिळाला तरच भाव देतात. विक्रीपूर्वी दोन-तीन दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवले की तो वास बराच कमी होतो, एवढी भर प्रशिक्षकांनी घातली. त्यामुळे येथे मागूर पाळायचा तर वाहतुकीसाठी पाण्याची पिंपे आणि जवळचे गिऱ्हाईक आधी पाहावे लागेल, दिवाळे गावच्या किंवा ठाणे स्टेशनच्या मासळी बाजारात टोपली घेऊन बसण्याचा विचार नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाबरोबर ‘हमखास परतखरेदी’चा करारनामा वाटला जातो. संस्थेकडूनच बीज, खाद्य आणि टाक्यांचा संच घ्यायचा व तयार माल तिलाच द्यायचा, असा त्याचा गाभा आहे. मी तो नीट वाचला. खरेदीचा दर ‘त्या वेळच्या बाजारभावानुसार’ आहे, गुणवत्ता ठरवण्याचा अधिकार संस्थेचा आहे आणि संस्थेने माल उचलला नाही तर काय, याचे कलम नाही. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ मध्ये उघडकीस आलेले, परतखरेदीच्या आमिषाने शेतकऱ्यांना फसवल्याचे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण ज्यांना आठवते, त्यांना अशा कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. सही करण्याची सक्ती मात्र कोणावर झाली नाही आणि न करणाऱ्यांशी वागणूकही बदलली नाही.

अनुदानाविषयीची माहिती बरोबर होती. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सात टाक्यांच्या लहान बायोफ्लॉक प्रकल्पासाठी साडेसात लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला गेला, त्यावर सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदान होते. अर्ज करण्यापूर्वी चालू तरतूद जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावी. ज्यांना याच विषयाचा पाया शास्त्रशुद्ध हवा आहे, त्यांनी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणांवरही लक्ष ठेवावे. ती संस्था १९६१ पासून याच कामात आहे.

जेवण साधे आणि चांगले होते, शीळच्या जागेवर महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय नव्हती, प्रमाणपत्राला कर्जप्रकरणात काडीचे वजन नाही. वर्गानंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रशिक्षक स्वतः उत्तरे देतात आणि ती नेमकी असतात. पाण्याचा रंग अचानक काळपट झाल्याची तक्रार एकाने छायाचित्रासह टाकली, तेव्हा खाद्य ताबडतोब बंद करून एक चतुर्थांश पाणी बदलण्याचा सल्ला अर्ध्या तासात मिळाला. संस्था फक्त रविवारच्या प्रात्यक्षिकासाठी निम्म्या शुल्कात प्रवेश देते, पण ते जाहिरातीत लिहिलेले नाही. नोंदणीच्या वेळी दूरध्वनीवर विचारावे लागते.